माहेरपणाचा उन्हाळा

आमच्या सानपाड्याच्या रस्त्यावर सोनमोहोर पुन्हा फुलला आहे. सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर उभ्या गाड्यांच्या टपांवर, वॉचमनच्या खुर्चीवर, गटाराच्या झाकणांवर, जिथे जागा मिळेल तिथे पिवळा सडा. झाडणारी बाई कुरकुरत होती, कारण ती एका टोकापर्यंत पोचते तोवर दुसऱ्या टोकाला झाड पुन्हा हात मोकळे करतं. क्रेपच्या कागदासारख्या चुरगळलेल्या त्या पाकळ्या चपलेला चिकटून लिफ्टमधून वर येतात आणि दिवसभर घरात कुठे ना कुठे सापडत राहतात. खाडीकडून दमट हवा येते, सदरा पाठीला चिकटतो, स्टेशनबाहेर गावातल्या बायका ताडगोळे घेऊन बसतात, आणि सगळ्या शहराला असा घाम फुटलेला असताना ही झाडं मात्र लग्नघरासारखी सजून उभी असतात.

हा पिवळा रंग माझ्यासाठी आता गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याचा झाला आहे. माझी एकुलती एक मुलगी कल्याणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, तो उन्हाळा.

माहेरी म्हणजे माझ्याकडे. सुनंदाला, तिच्या आईला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर टिपण्या लिहिल्या, मसुदे तपासले. डिंकाचे लाडू कधी वळले नव्हते. कल्याणीच्या सासूबाई खारघरला राहतात, फार चांगल्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, "भाऊ, संकोच करू नका. सगळं आमच्याकडेच करू." पण कल्याणीने ऐकलं नाही. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? मग मी बाबांकडे जाणार," असं म्हणून सातव्या महिन्यात ती बॅगा घेऊन आली. लॅपटॉप उघडून तिने आपल्या जुन्या खोलीत कंपनीचं काम सुरू केलं. तिचा नवरा निनाद तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. सुट्टी असेल तेव्हा तो यायचा आणि येताना एवढी फळं आणायचा की फ्रीजचं दार लागायचं नाही.

मी तयारीला लागलो होतो. मोबाइलवर बघून बघून नाचणीचं सत्त्व शिजवायला शिकलो. खीर खाली लागू नये म्हणून किती ढवळत राहावं लागतं, हे साठी उलटल्यावर कळलं. सुनंदाची मैत्रीण भारती सानपाडा गावातली. तिच्या सासऱ्यांची इथे भातशेती होती, आता त्यांची दोन दुकानं आहेत आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत भाडेकरू आहेत. उन्हाळा लागला की तिच्या गच्चीवर मसाल्याच्या मिरच्या वाळत पडतात. ती लाल झळ आणि तो खकाणा आमच्या खिडकीपर्यंत येतो. एकदा मला पिशव्या घेऊन जाताना बघून ती म्हणाली, "भावजी, तुमी टेन्शन घेव नका. मी हाय ना. मालिशवाली मी बघतंय, शेक-शेगडी मी बघतंय. तुमी फक्त पोरीला खूश ठेवा."

तेवढंच जमत नव्हतं.

कल्याणी आजारी नव्हती. रक्त, साखर, रक्तदाब, सोनोग्राफी, सगळं उत्तम. जेवायला बोलावलं की यायची, वाढलेलं जेवायची, "छान झालंय बाबा" म्हणायची. पण ते म्हणणं भिंतीवरच्या घड्याळाच्या टोल्यासारखं होतं. वेळ झाली की वाजायचं. सकाळी तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायचं. फोनवर बोलताना ती हसायची आणि फोन ठेवताक्षणी चेहरा पुन्हा होता तिथे जायचा. मी कारणं शोधत होतो. उकाडा आहे, पोट जड झालंय, ऑफिसचं काम आहे. बापाला कारणं पटकन सापडतात.

डोहाळजेवण आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. सासूबाईंनी हौसेने सगळं केलं. फुलांची वाडी भरली, हिरवी साडी, झोपाळा, गाणी, बायकांची ही गर्दी. मी आणि निनाद दाराशी उभे राहून पन्हं वाटत होतो. शेवटी दोन झाकलेल्या वाट्या तिच्यापुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. उघडशील त्यावरून मुलगा की मुलगी असा तो जुना खेळ. "उघड गं, उघड," असा गलका झाला. कल्याणीने हात पुढे केला आणि तो वाटीच्या वर तसाच थांबला. एवढ्यात कुणीतरी सहज, प्रेमानेच म्हणालं, "आज सुनंदाताई असत्या तर..." कल्याणीने हात मागे घेतला. ती उठली, सावकाश, साडी सावरत, आणि बाहेर निघून गेली. बायकांना वाटलं, गरम होत असेल. कुणीतरी पंखा वाढवला. मी मागोमाग गेलो, तर ती जिन्याच्या पायरीवर डोक्यावर फुलांचा मुकुट घेऊन बसली होती. रडत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"घरी जायचं का?" मी विचारलं.

"नको. सगळ्यांनी किती केलंय." ती उठली, आत गेली, तिने बर्फीची वाटी उघडली. टाळ्या झाल्या. फोटोत ती हसताना दिसते. तो फोटो आजही माझ्या मोबाइलमध्ये आहे. बघणाऱ्याला काही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे परतत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, एक हात कमरेवर. म्हणाली, "बाबा, गॅस बंद करा. मला काहीतरी सांगायचंय."

मी गॅस बंद केला.

"मला बरं वाटत नाहीये. अंगाने नाही. मनाने. मला झोप येत नाही. बाळ हलतं तेव्हा सगळ्यांना आनंद होतो म्हणतात, मला भीती वाटते. मला वाटतं हे बाळ चुकीच्या घरी येतंय. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, मन कसं आहे? आधी मी ठीक आहे म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि म्हटलं, ठीक नाही. त्यांनी एका काउन्सेलरचं नाव दिलंय. बेलापूरला. मी बुधवारची वेळ घेतली आहे." एवढं तिने एका दमात सांगितलं. मग श्वास घेऊन म्हणाली, "मला मदत लागणार आहे, बाबा. तुम्ही सोबत याल?"

कल्याणी दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा मी पेढे वाटले होते. इंजिनिअर झाली तेव्हा कचेरीत सगळ्यांना चहा पाजला होता. सुनंदाच्या आजारपणात हॉस्पिटल, औषधं, रात्रंदिवस जागणं हे सगळं तिने एकटीने पेललं, तेव्हा लोक म्हणायचे, "मुलगी कसली खंबीर आहे!" आणि माझी मान ताठ व्हायची. पण त्या सकाळी, अर्धवट परतलेल्या पोह्यांसमोर उभा राहून मला जे वाटलं ते यातल्या कशाच्याही वरचं होतं. आमच्या घराण्यात माणसं मोडून पडली, देवळात जाऊन बसली, कुणी न बोलता झिजून गेली. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून "मला मदत लागणार आहे" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. दारापर्यंत जाऊन परत फिरायला किती बळ लागतं! ती पहिली वेळ होती आणि ती माझ्या मुलीने आणली होती.

अर्थात हे सगळं मनात. तोंडातून निघालं ते एवढंच, "येईन की. सोबत पाण्याची बाटली घेऊ ना?"

ती पहिल्यांदा थोडी हसली. "घ्या बाबा, बाटली घ्या."

समुपदेशन हा शब्द मी नोकरीत कितीदा लिहिला होता. 'कर्मचाऱ्यांचे समुपदेशन करण्यात यावे.' तो सुवाच्य अक्षरात लिहून, खाली सही घेऊन, पुढच्या टेबलाकडे पाठवला होता. त्या शब्दाला दार असतं, दाराबाहेर बाक असतो, आणि आत गेलेलं माणूस लाल डोळ्यांनी पण हलक्या पायांनी बाहेर येतं, हे बुधवारी कळलं.

तो दवाखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. माझी कचेरी तिथून दोन रस्ते पलीकडे. खालून वकिलांचे काळे कोट, टायपिंगवाले, झेरॉक्सवाले यांची जी वर्दळ चालायची तिच्यातून मी तीस वर्षं डबा घेऊन गेलो होतो, आणि त्या जिन्याकडे कधी बघितलं नव्हतं. बाकावर माझ्याशेजारी एक तरुण नवरा पायाने सारखा ठेका धरून बसलेला असे. एक सासू जपमाळ ओढत असे. बापाच्या वयाचा मी एकटाच. समुपदेशक होत्या शबाना मॅडम. मूळ श्रीवर्धनकडच्या, पन्नाशीच्या, साध्या सुती ओढणीतल्या. मराठी इतकं स्वच्छ आणि किनाऱ्याकडच्या हेलाचं, की ऐकत बसावं. पहिल्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काका, आत काय बोलणं होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. कल्याणीला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. कानावर आलेली गोष्ट पोटात ठेवायची मला नोकरीने सवय लावली होतीच. आता कानावर न आलेली गोष्ट न विचारण्याची लावायची होती. ती जरा अवघड.

पहिल्या दिवशी परतताना रिक्षात कल्याणी म्हणाली, "आज मी फक्त रडले. मॅडम म्हणाल्या, तेही काम झालंच." सानपाडा स्टेशनबाहेर तिने रिक्षा थांबवली आणि ताडगोळे घ्यायला लावले. सोलून घेतलेले, गार, आतलं पाणी हनुवटीवरून ओघळणारे ताडगोळे तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्ले. कित्येक दिवसांनी तिला काहीतरी मागून खाताना मी बघत होतो. वरून पिवळ्या पाकळ्या तिच्या केसांत पडत होत्या आणि तिला पत्ता नव्हता.

दुसऱ्या का तिसऱ्या बुधवारनंतर तिने एक अजब गोष्ट सांगितली. "बाबा, मॅडमनी मला काळजी करायची वेळ ठरवून दिली आहे. संध्याकाळी चहानंतर. दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, संध्याकाळी ये. आणि संध्याकाळी बसून मनापासून करायची."

मला हे फार पटलं. कचेरीत भेटीच्या वेळा असतात, तसंच. त्या संध्याकाळी मी गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. चहा ठेवला. म्हटलं, "चल, काळजीची वेळ झाली."

"तुम्ही पण करणार?"

"माझ्याकडे काय कमी आहेत?"

ती म्हणाली, "मला कळा यायला लागल्या आणि कळलंच नाही तर?" मी म्हणालो, "मला बाळाला आंघोळ घालता येत नाही." ती म्हणाली, "बाळाने मला ओळखलंच नाही तर?" मी म्हणालो, "गुटी उगाळायची सहाण मला सापडत नाहीये." ती म्हणाली, "मी आईसारखी नाही, बाबा." खाली मुलं सायकली फिरवत होती. मग ती आपणच म्हणाली, "असू दे. याला उत्तर द्यायचं नसतं. नुसतं ऐकायचं असतं." मी ऐकलं. चहा संपला, तसं आम्ही खुर्च्या आत घेतल्या. पुढे ते रोजचंच झालं. एकदा भारती मसाल्याची बरणी घेऊन आली तर आम्ही बापलेक गंभीर चेहऱ्यांनी बसलेलो.

"काय झाला? कोन गेला काय?" तिने घाबरून विचारलं.

कल्याणी म्हणाली, "नाही मावशी, आम्ही काळजी करतोय. बसा. तुमची पण सांगा."

भारती बसली. पदराने वारा घेतला. थोडा वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाली, "मना त जावयाची काळजी वाटते. बाईक लई जोरान चालवतो." आणि मग ती जी बोलत सुटली, की दिवेलागण झाली तरी थांबेना. जाताना दारात वळून म्हणाली, "बरा वाटला गो. उद्या येव काय?"

कल्याणीने मला एक अट घातली होती. "बाबा, कुणी विचारलं आपण बुधवारी कुठे जातो, तर चेकअपला जातो असं सांगू नका. खरं सांगा. लपवलं की मला वाटतं मी काहीतरी वाईट करतेय." मी हो म्हणालो. पण खरं सांगणं हे काम सरावाशिवाय होत नाही. पोळ्या लाटता लाटता मी ते वाक्य म्हणून बघायचो. "आमची कल्याणी समुपदेशनाला जाते." फार सरकारी. "काउन्सेलिंगला जाते." फार घाईचं. "तिचं मन जरा..." हे तर नकोच.

प्रसंग आला तो लिफ्टमध्ये. सोसायटीचे सेक्रेटरी गायकवाडसाहेब आत शिरले. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगच्या रेघांपर्यंत सगळ्यावर नजर असलेला माणूस. त्यांनी विचारलं, "काय, दर बुधवारी बापलेक कुठे निघता? सगळं ठीक ना?"

कल्याणी माझ्याकडे बघत होती. मी घसा साफ केला. "माझी मुलगी समुपदेशन घेते," मी म्हणालो. "बाळ यायच्या आधी मन नीट व्हावं म्हणून. तिने स्वतः ठरवलं. मला तिचा अभिमान आहे." शेवटचं वाक्य सरावात नव्हतं. ते आपणच आलं.

तळमजला आला, दार उघडलं. कल्याणी पुढे गेली. गायकवाडसाहेब मात्र दार हाताने अडवून तिथेच उभे राहिले. त्यांच्या पत्नी आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. मीच त्यांच्याकडे जाऊन बसलो होतो. ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिथे... म्हाताऱ्या माणसांना घेतात का हो?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो. पुढच्या बुधवारी विचारून सांगितलंही. पुढे काय झालं ते त्यांचं त्यांनी सांगावं, मी सांगणार नाही. एवढंच, की हल्ली ते पार्किंगच्या रेघांवरून भांडत नाहीत.

वैशाख संपत आला होता. सोनमोहोराच्या झाडांवर तांबूस चपट्या शेंगा धरू लागल्या होत्या आणि गुलमोहोराने जोर धरला होता. अशा एका बुधवारी शबाना मॅडमनी दार उघडून मला आत बोलावलं. लहानशी खोली, वेताच्या खुर्च्या, पंख्याची करकर. कल्याणीचा हात पोटावर होता.

"काका, कल्याणीला तुम्हाला काही विचारायचं आहे," मॅडम म्हणाल्या. "आठवेल तसं सांगा. चांगलंच सांगायला हवं असं नाही."

कल्याणीने विचारलं, "बाबा, मी पोटात होते तेव्हा आई कशी होती?"

'आनंदात होती.' वाक्य तयार होतं, जिभेवर आलंही. मग मी मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. आमच्या घरात सुनंदाचा हार घातलेला फोटो आहे. त्यातली सुनंदा कधी चुकत नाही, थकत नाही, तिची पुरणपोळी कधी फाटत नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या फोटोकडे बघून कल्याणीला सांगतो, तुझी आई म्हणजे काय बाई होती! माझी मुलगी नऊ महिने त्या फोटोशी स्वतःची तुलना करत बसली होती. आणि फोटोच्या आधीची सुनंदा ठाऊक असलेला माणूस आता जगात मी एकटाच उरलो होतो.

मी सांगायला लागलो. तेव्हा आम्ही जुईनगरला एका खोलीत भाड्याने राहत होतो. सगळं नवं, बोडकं. रस्ते आखलेले होते पण त्यांवर घरं नव्हती, झाडांच्या जागी काठ्या पुरलेल्या. तुझी आई वाईची, भरल्या घरातून आलेली. इथे तिच्या ओळखीचं कोणी नाही. पाचव्या महिन्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. स्वयंपाकाला उठवेना. मी कचेरीतून आलो की म्हणायची, "मी कुणाची आई होणार असं मला वाटतच नाही हो. काहीतरी चूक झालीय." मला काय करावं कळायचं नाही. मी म्हणायचो, "चल, फिरून येऊ." आम्ही त्या मोकळ्या प्लॉटांच्या कडेने चालायचो. ती चालता चालता रडायची, मी तिची पर्स धरायचो. आमच्याजवळ त्याला नाव नव्हतं. कुणाला विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. रोज चालायचो, एवढंच.

"आई रडायची?" कल्याणीने विचारलं. "आपली आई?"

"खूप. तू झालीस तेव्हासुद्धा तिला लगेच काही उमाळा वगैरे आला नाही. परक्याचं बाळ आणून ठेवावं तशी ती तुझ्याकडे बघायची. मग एके दिवशी तू शिंकलीस."

"शिंकले?"

"केवढ्याने तरी. एवढ्याशा नाकातून. तुझी तूच दचकलीस. आणि सुनंदा जी हसत सुटली! हसता हसता तुला उचललं, ते मग खाली ठेवलंच नाही."

कल्याणी माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, हसता हसता डोळे वाहायला लागले, आणि ते वाहणं काही वेगळंच होतं. "आई रडायची," ती पुन्हा म्हणाली, हळूच, आईच्या कपाटातली घडी न मोडलेली साडी हाती यावी तशी. शबाना मॅडमनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि थोड्या वेळाने दुसरा माझ्याकडे. तो मला का दिला हे गाल ओले लागले तेव्हा कळलं.

बाळ जूनमध्ये झालं. मुलगी, सई. निनादने तिला पहिल्यांदा घेतलं ते इतक्या अवघडून, की नर्सने त्याच्या हातांखाली दोन उशा लावल्या. सगळं सुरळीत झालं, पण गोष्टीत होतं तसं त्या क्षणी कल्याणीचं मन उजळून निघालं असं मात्र झालं नाही. सईने पहिल्याच दिवशी चांगल्या चार शिंका दिल्या. कल्याणी मला म्हणाली, "बाबा, शिंकली. काही झालं नाही." आणि आम्ही दोघं टाके दुखेपर्यंत हसलो, म्हणजे टाके तिचे. "वाट बघू," ती म्हणाली. त्या 'वाट बघू'त भीती नव्हती. मॅडमनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की बाळंतपणानंतरही यायचं, गरज पडली तर औषधही घ्यायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती जात राहिली. बाकावर आता माझ्या मांडीवर सई असायची. पायाने ठेका धरणारा तो तरुण नवराही त्याच्या जुळ्यांना घेऊन यायचा, आणि आम्ही लंगोटांच्या प्रकारांवर चर्चा करायचो. श्रावणात कधीतरी, सईला दुपट्यात गुंडाळताना, कल्याणी गुणगुणत होती. मी दारातून ऐकलं आणि पाय न वाजवता मागे फिरलो.

आता यातलं सगळं मागे पडलं. कल्याणी खारघरला आहे, कामावर जाते, सई भिंतीला धरून पावलं टाकते. भारती भेटली की म्हणते, "भावजी, काळजीचा टाईम परत चालू करा ना, मना गमत नाय." आणि मी या पिवळ्या रस्त्यावरून दूध घेऊन येताना दर वेळी त्या पोह्यांच्या सकाळीशी येऊन थांबतो.

गेल्या आठवड्यात कल्याणीचा फोन आला. ज्या दवाखान्यात सई झाली तिथे गरोदर बायकांसाठी एक छोटी सभा होती. डॉक्टरांनी कल्याणीला बोलायला बोलावलं होतं. "बाबा, सईला घेऊन मागे बसाल?" तिने विचारलं. मी इस्त्रीचा सदरा घातला.

हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका, कुणाबरोबर नवरा, कुणाबरोबर आई. ताक वाटून झालं होतं. कल्याणी उभी राहिली. हातात कागद नव्हता. "मी कल्याणी," ती म्हणाली. "सई पोटात असताना मला ती नकोशी वाटायची. म्हणजे तसं मला वाटायचं. खरं तर मला भीती वाटायची. मी काउन्सेलिंग घेतलं. ते कसं असतं, ते सांगायला आले आहे." तिचा आवाज कुठेही कापला नाही. माझ्या मांडीवर सई माझ्या सदऱ्याचं बटण चोखत होती. मला वाटलं उभं राहून सगळ्यांना सांगावं, ही माझी मुलगी. पण सभेची शिस्त असते, म्हणून बसून राहिलो. छातीत मात्र मावत नव्हतं.

बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" बायका ओढण्यांशी चाळे करत बसल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगी होती, वीस-बावीसची, सहाव्या-सातव्या महिन्यातली. शेजारी तिची सासू असावी. त्या बाईंनी तिला कोपराने हळूच ढोसलं. मुलीने मान हलवून नाही म्हटलं. बाई पुन्हा झुकून पुटपुटल्या, "विचार गं. मी आहे ना."

मुलीचा हात अर्धवट वर गेला.

कल्याणीने तो बघितला. ती खुर्च्यांच्या मधून चालत पुढे आली, त्या मुलीसमोर एक रिकामी खुर्ची ओढून बसली, आणि म्हणाली, "बोल. सावकाश बोल. मला घाई नाही."

आणि ती मुलगी बोलायला लागली.